विषय: सॉकर क्लबची ऑफर आली आहे, सोमवार रात्रीपर्यंत कळवायचंय

नमस्कार मंडळी,

मराठी शाळा सुटल्यावर पार्किंगमध्ये विचारणार होते, पण धाकट्याची झोपेची वेळ झाली आणि पळावं लागलं. म्हणून इथेच लिहिते.

लेक तिसरीत आहे, ऑक्टोबर 2016 चा जन्म. तीन वर्षं एवायएसओत, म्हणजे स्वयंसेवक पालकांच्या जोरावर चालणाऱ्या मुलांच्या सॉकर संस्थेत, खेळतेय. तिच्या मैत्रिणीचे बाबा कोच आहेत, नोकरी सांभाळून येतात, आणि मुली त्यांच्यावर खूश असतात. मागच्या आठवड्यात ती मैत्रीण एका क्लबच्या ट्रायआउटला निघाली होती, म्हणून हीसुद्धा गेली. तिथे तिला दहा मिनिटं गोलमध्ये उभं केलं. दोन बॉल चांगले अडवले. काल ईमेल आली: अंडर-10 च्या दुसऱ्या टीममध्ये घेतो, 48 तासांत कळवा, सोबत 500 डॉलर डिपॉझिट, ते परत मिळणार नाही. वर्षाची फी 2600. युनिफॉर्म आणि बाहेरगावच्या टूर्नामेंट वेगळ्या.

नवऱ्याचं म्हणणं, आत्ता नाही घातलं तर दोन वर्षांनी कुणी घेणार नाही. मला ते खोटंही वाटत नाही आणि पटतही नाही. शिवाय मॅच बऱ्याचदा रविवारी असतात, म्हणजे मराठी शाळेवर पाणी. ज्यांची मुलं क्लबमध्ये खेळली आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. क्लबचं नाव मुद्दाम देत नाही.

— सनीवेलहून (कॅलिफोर्निया), तिसरीतल्या मुलीची आई

*

ताई,

घाला, असंच सांगेन. एवायएसओचं तत्त्वच मुळी प्रत्येकाला खेळवायचं आहे, टीमही समसमान पाडतात. ते चांगलंच आहे, पण ज्या मुलीला खेळात रस आहे तिला तिच्या जोडीच्या मुली लागतात. क्लबमध्ये लायसन्स असलेला कोच मिळतो, आठवड्याला तीन प्रॅक्टिस होतात. आमचा मुलगा दोन वर्षांत ओळखू येईना इतका सुधारला. आणि पुढे कॉलेजला स्कॉलरशिपचा विचार करायचा असेल तर सुरुवात लवकर झालेली बरी. मराठी शाळेच्या शिक्षिका समजून घेतात, आमच्या घेतल्या.

— क्युपर्टिनो

*

नमस्कार ताई,

आमच्या थोरल्याचं सांगतो. लिहायला जड जातंय, पण सांगायला हवं.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेत वाढलो. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे तालमीची टीम. पाटाकडील असो, दिलबहार असो, खंडोबा असो, पोरगं ज्या गल्लीत जन्मलं त्या गल्लीचं. फी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही. बाबांच्या खांद्यावर बसून मी शाहू स्टेडियमवर मॅच बघितल्या आहेत. 2017 मध्ये भारतात अंडर-17 चा वर्ल्ड कप झाला आणि आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात खेळला, तेव्हा बाबांनी मला इथे भल्या पहाटे फोन करून उठवलं होतं. तर असा मी, मुलाला क्लबने बोलावलं तेव्हा दुसरा विचारच केला नाही. त्याच रात्री पैसे भरले.

ट्रायआउटला जो कोच होता तो मुलांच्यात मिसळणारा, चुकलं तर जवळ बोलावून हळू सांगणारा. आम्ही त्याच्याकडे बघून हो म्हटलं. ऑगस्टमध्ये प्रॅक्टिस सुरू झाली तर मैदानावर दुसराच माणूस. पहिला वरच्या टीमला गेला होता. ईमेलमध्ये त्याचं नाव कुठे नव्हतंच, आम्हीच ते गृहीत धरलं होतं.

टीममध्ये सोळा मुलं. अंडर-12 ला मैदानात नऊ. उरलेली सात बाकावर, आणि ती सात बहुतेक तीच. एका शनिवारी मी फोनवर घड्याळ लावलं. दीड तास गाडी चालवून गेलो होतो, साठ मिनिटांच्या मॅचमध्ये पोरगा अकरा मिनिटं खेळला. परतताना एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मी म्हटलं, जर्सी धुवायला टाक. त्याने ती अंगातून काढली, उलटीसुलटी करून बघितली, नीट घडी घातली आणि परत खणात ठेवली. मळलीच नव्हती. मी दारात उभा राहून बघत होतो, मला पुढे जाऊन काही बोलता आलं नाही.

वर्ष संपल्यावर त्याने सॉकर सोडलं. आता क्रॉस कंट्री पळतो, मजेत आहे. पण तो खेळ त्याच्याकडून गेला, आणि तो त्याला मनापासून आवडायचा.

म्हणून ताई, पहिली टीम की दुसरी, हे विचारूच नका. मुलगी किती मिनिटं खेळणार आणि रोज समोर कोण उभं राहणार, एवढं विचारा. आणि त्याचं उत्तर लिहून घ्या.

— सॅन होजे

*

नमस्कार,

मी सहा वर्षं एवायएसओत कोच होतो आणि आता शनिवारी रेफरी म्हणून जातो, तेव्हा दोन्ही बाजूंच्या टीम जवळून बघायला मिळतात. सॅन होजेच्या दादांच्या पत्राला माझा पूर्ण दुजोरा. त्यात थोडी भर घालतो.

सगळ्यात आधी, घाई करू नका. दोन-तीन दिवस वाढवून मागा. ज्या क्लबला मुलगी खरंच हवी असते तो देतो.

दुसरं तुमच्या लेकीच्या जन्मतारखेचं, आणि हे फार लोकांच्या लक्षात आलेलं नाही. गेली काही वर्षं इथे जन्मवर्षाप्रमाणे गट पडत होते. येत्या फॉलपासून, म्हणजे 2026-27 च्या हंगामापासून, यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ या मुलांचं सॉकर चालवणाऱ्या तिन्ही संस्था 1 ऑगस्ट ते 31 जुलै असा हिशेब धरणार आहेत. जुन्या हिशेबाने 2016 ची सगळी मुलं एकत्र होती, त्यात ऑक्टोबरची तुमची मुलगी सगळ्यात लहानांपैकी, चौथीतल्या मुलींबरोबर खेळणारी. नव्या हिशेबाने ती आणखी एक वर्ष अंडर-10 मध्ये राहील, स्वतःच्या वर्गातल्या मुलींबरोबर, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठ्यांपैकी असेल. नाहीतर याच फॉलला अंडर-11 मध्ये, मोठ्या मैदानावर नऊ-नऊच्या खेळात गेली असती. आता वर्षभर सात-सातच खेळेल. या वयात आठ-दहा महिन्यांचा फरक म्हणजे अंगापिंडात केवढा फरक, हे तुम्ही मैदानावर बघितलंच असेल. तेव्हा यंदा नाही तर कधीच नाही, ही भीती निदान तिच्या बाबतीत तरी मनातून काढा. पुढच्या वर्षी ट्रायआउटला उभी राहील तेव्हा ती आजच्यापेक्षा उजवी दिसेल.

गोलकीपरचं वाचून मात्र मला काळजी वाटली. अंडर-8 पर्यंत चार-चारचा खेळ असतो आणि त्यात कीपर नसतोच. म्हणजे लेकीच्या हातात ग्लव्ह्ज येऊन फार तर दोन वर्षं झाली. या वयात सगळ्यांनी पाळीपाळीने कीपर व्हावं, कारण बॉल पायात घोळवायला शिकायचं वय हेच आहे. क्लबला तुमची मुलगी हवी आहे की टीमला कीपर कमी पडतोय, हे विचाराच. थेट विचारलं तर कुणी राग मानत नाही.

आणि कुणालाही न सांगता त्यांची एक प्रॅक्टिस बघून या. कुंपणाबाहेर उभं राहून वीस मिनिटं पुरतात. मुलं रांगेत उभी आहेत की बॉलशी खेळताहेत, एवढंच बघा. बारा मुली एका रांगेत आणि एकेक शॉट मारून परत मागे, असं चालू असेल तर अडीच हजार रांगेसाठीच गेले. दोन-दोन, तीन-तीन जणींचे लहान गट, प्रत्येकीच्या पायाशी सारखा बॉल, असं दिसलं तर कोच जाणता आहे. नऊ वर्षांच्या मुलींना डोक्याने बॉल मारायला लावत असतील तर मात्र तिथून निघाच. 10 वर्षांपर्यंत हेडिंग नाही हा नियम यूएस सॉकरने, म्हणजे इथल्या राष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, 2015 मध्येच केला, आणि 11 ते 13 ची मुलंही प्रॅक्टिसमध्ये मोजकंच करू शकतात.

कोचची चौकशी करायला लाजू नका. कॅलिफोर्नियात 2022 पासून मुलांबरोबर काम करणाऱ्या संस्थांना आपल्या माणसांची बोटांच्या ठशांवरून तपासणी करावी लागते, स्वयंसेवकांचीसुद्धा, जे नियमित येतात त्यांची. मीही जाऊन ठसे देऊन आलो. खेळाडूंची छळापासून सुरक्षा बघणाऱ्या सेफस्पोर्ट या संस्थेच्या नियमांप्रमाणे कोचने मुलीशी एकट्याने, कुणाच्या नजरेआड थांबायचं नाही आणि तिला एकटीला मेसेज करायचे नाहीत, पालक त्यात हवेत. चांगल्या क्लबला हे विचारलं की ते आनंदाने सांगतात.

क्युपर्टिनोच्या मित्रांनी स्कॉलरशिपचं लिहिलं आहे. त्यांच्या मुलाचं खरंच कौतुक आहे, पण त्या आशेने नऊ वर्षांच्या मुलीचे पैसे भरू नयेत. आत्ता-आत्तापर्यंत डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळातल्या सगळ्यात वरच्या पातळीच्या, मुलांच्या अख्ख्या टीमला मिळून 9.9 स्कॉलरशिप असायच्या, मुलींच्या टीमला 14, आणि कोच त्या पंचवीस-तीस जणांत तुकडे करून वाटायचे. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात 2025 मध्ये कोर्टात तडजोड झाली, त्यानंतर ती मर्यादा जाऊन बऱ्याच ठिकाणी टीमच जास्तीत जास्त 28 जणांची झाली, पण म्हणून कॉलेजांकडे जास्तीचा पैसा आलेला नाही.

वरच्या लीगच्या नावांवरही फार विसंबू नका. यूएस सॉकरची डेव्हलपमेंट अकॅडमी ही वरची लीग 2007 मध्ये सुरू झाली तेव्हा तेच सर्वस्व होतं. एप्रिल 2020 मध्ये ती एका दिवसात बंद झाली आणि त्या टीम दुसऱ्या लीगमध्ये गेल्या. बिल्ले बदलतात. मुलीच्या पायात जे आलं ते राहतं.

— सनीवेल

*

ताई, माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे, त्यामुळे थोडं पुढचं सांगते. चौदाव्या वर्षी तिच्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे आतला लिगामेंट, तुटला. कुणी ढकललं नव्हतं. वळताना पाय रुतला आणि ती खाली बसली. ऑपरेशन झालं आणि परत मैदानात उतरायला जवळजवळ वर्ष गेलं.

या दुखापतीचा धोका वयात येणाऱ्या मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो, हे मला तेव्हा कळलं. फिफाचा 11+ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, उड्या मारून गुडघा आत न झुकू देता, थोडा वाकवून उतरणं, एका पायावर तोल, असं सगळं, आणि तो नियमाने केला की दुखापती खरंच कमी होतात. लहान मुलांसाठीही त्याचा वेगळा प्रकार आहे. आमचा कोच तो घ्यायचा. पण मी ऑफिसमधून निघून तिला घेऊन पोचेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं उशीर ठरलेला, म्हणजे रोज नेमकं तेवढंच चुकायचं. ती धावत जाऊन थेट खेळात घुसायची. मला वाटायचं, वॉर्मअपच तर आहे.

क्लब कुठलाही निवडा, पण मैदान घरापासून इतक्या अंतरावर असू द्या की तुम्ही वेळेच्या आधी पोचाल.

— माउंटन व्ह्यू

*

मंडळी,

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलंत, रात्री दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. जर्सीच्या घडीपाशी तो थांबला आणि फोन खाली ठेवला.

क्लबने बुधवारपर्यंत मुदत दिली. सोमवारी संध्याकाळी आम्ही दोघं जाऊन कुंपणाबाहेर उभे राहिलो. खरं सांगायचं तर प्रॅक्टिस चांगली होती. मुली पाच मिनिटंही रांगेत नव्हत्या, कोचचा आवाज चढला नाही, हेडिंग वगैरे काही नाही. मी मनातून जवळजवळ हो म्हटलं होतं. फक्त एका कोपऱ्यात एक मुलगी ग्लव्ह्ज घालून वेगळी उभी होती आणि दुसरा माणूस तिला एकटीला बॉल फेकत होता. पाऊण तासात ती एकदाही बाकीच्यांच्यात आली नाही.

मग कोचना ईमेल केली. किती मुली असणार, कोच तुम्हीच राहणार का, आणि कीपर पाळीपाळीने असेल का. त्याच संध्याकाळी उत्तर आलं आणि स्पष्ट आलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. बारा मुली, कोच तेच. पण ग्लव्ह्जवाली मुलगी पहिल्या टीमला जातेय, त्यामुळे दुसऱ्या टीमला कायमचा कीपर हवा आहे आणि तो आमच्या लेकीने व्हावं असा त्यांचा विचार आहे.

लेकीला विचारलं. ती म्हणाली, "मग मी पळणार कधी?"

काल रात्री आम्ही नाही कळवलं. हे वर्ष एवायएसओतच, शनिवारी. पुढच्या वर्षी परत ट्रायआउटला नेईन, याच क्लबच्या. सॅन होजेच्या दादा, तुमचे बाबा उन्हाळ्यात येतात असं मागे एकदा म्हणाला होतात. यंदा वर्ल्ड कपच्या मॅच इथे सँटा क्लारातच आहेत, तेव्हा येतच असतील. फॉलपर्यंत राहणार असतील तर त्यांना एका शनिवारी आमच्या मॅचला घेऊन या. संत्र्याच्या फोडी मी आणीन.

आणि माउंटन व्ह्यूच्या ताई, त्या वॉर्मअपबद्दल आमच्या कोचना सांगितलं. त्यांना माहीत नव्हता. एकदा मैदानावर येऊन दाखवता का मुलींना? मंगळवारी साडेपाचला असतो. आम्ही सव्वापाचलाच पोचतो.

— सनीवेल, तिसरीतल्या मुलीची आई