बडोद्यातलं चर्चामंडळ पुन्हा उभं करायचं तर दार उघडं ठेवायचं की लोटून घ्यायचं?

दांडिया बाजार (धागा सुरू)

पंधरवड्याला भरणारं आपल्या भागातलं मराठी चर्चामंडळ बंद पडलंय. आता काही मंडळी ते पुन्हा उभं करू पाहतात. त्यांचा बेत असा: मोठा हॉल, नामवंत वक्ता, सर्वांना मुक्त प्रवेश, शेवटी चहा-फरसाण. माझा याला सपशेल विरोध आहे. मंडळाला माणसं अपुरी पडली हे शेवटचं लक्षण होतं. दुखणं त्याच्या आधी, माणसं वाढली तेव्हाच, लागलेलं होतं.

हिशेब करून बघा. बैठक दीड तासाची. टिपण मांडायला 15 मिनिटं, स्थिरस्थावर व्हायला आणि आवरायला 15, उरला एक तास. 12 जण असतील तर प्रत्येकाला 5 मिनिटं, म्हणजे एकदा मुद्दा मांडायचा आणि एकदा त्यावरच्या आक्षेपाला उत्तर द्यायचं. 30 जण झाले की 2 मिनिटं. तेवढ्यात मत सांगून होतं, तपासून होत नाही. मग पाच-सहा जण बोलतात, बाकीचे घड्याळ बघतात. खुर्च्यांचंही तेच. 12-14 खुर्च्यांचं एक कडं होतं. पंधरावी मागे जाते, आणि मागच्या रांगेतला माणूस बोलायचा थांबतो.

म्हणून: 12 जण, सहा महिन्यांसाठी ठरलेले. 8-10 पानांचा मजकूर आधीच्या रविवारी हातात. जो तो न वाचता येईल त्याने पहिला अर्धा तास फक्त ऐकायचं. वक्ता नको, अध्यक्षीय समारोप तर नकोच.

न्यायमंदिर

12 जणांची यादी कागदावर शोभते. त्यातले प्रत्यक्षात येणार किती? लग्नसराई आहे, दिवाळी आहे, उत्तरायण आहे. नवरात्रात तर नऊ रात्री या शहरात गरब्याखेरीज कशालाच माणूस मिळत नाही. 12 ठरवाल तर सात येतील, त्यातले दोन न वाचता. पाच जणांची चर्चा ही चर्चा नव्हे, सोबत आहे. आणि ते पाचही सेवानिवृत्त, एकाच वर्तमानपत्राचे वाचक.

बंद दाराचं पुढे काय होतं याचं आपल्याच इतिहासातलं उदाहरण घ्या. मुंबईची परमहंस सभा 1849 ची. जातिभेद मोडायचा हा विचार त्या काळाच्या कितीतरी पुढचा, पण कारभार सगळा गुप्त. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विरून गेली. त्याच वर्तुळातल्या लोकांनी 1867 मध्ये प्रार्थना समाज काढला, तो उघड्यावर. तो टिकला.

दांडिया बाजार

परमहंस सभा गुप्ततेने गेली, लहानपणाने नव्हे. प्रार्थना समाज तरी संख्येने कधी मोठा होता? मी गुप्तता मागत नाही. यादी हवी तर दारावर चिकटवा.

उघड्या दाराचं उदाहरणही मराठीच देतो. पुण्याच्या सार्वजनिक सभेत 1870 मध्ये सभासद व्हायला किमान 50 माणसांचं मुखत्यारपत्र लागे. म्हणजे दार उघडं, पण उंबरठा होता. 1878 पासून सभेचं त्रैमासिक निघू लागलं, त्यात शेती, जमीनमहसूल, दुष्काळ यांवर आकडेवारीनिशी लेख येत. 1895 च्या निवडणुकीत टिळकपक्षाने व्यवस्थापक मंडळ ताब्यात घेतलं, आणि पुढच्या वर्षी रानडे-गोखल्यांनी डेक्कन सभा वेगळी काढली. कोण बरोबर हा वाद इथे नको. मुद्दा एवढाच, की हात वर करून संस्था जिंकता येते. वाचून यायची अट असेल तर जिंकायला आधी वाचावं लागतं.

मागची रांग

दोघेही दाराशीच भांडताय. आत काय चालायचं ते बघा ना!

मंडळ पडलं संचालनामुळे. संचालक म्हणजे नावं पुकारणारा, अशी समजूत झाली होती. त्याची खरी कामं तीन. प्रश्न आधीच लिहून द्यायचा, आणि तो असा की त्यावर दोन शहाणी माणसं भांडू शकतील. ‘आजचं शिक्षण’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘बडोद्यात मुलाला पहिली चार वर्षं मराठी माध्यमात घालावं का?’ हा प्रश्न. दुसरं, जो बोललेला नाही त्याला विसाव्या मिनिटाच्या आत विचारायचं. अर्धा तास गप्प राहिलेला माणूस सहसा शेवटपर्यंत गप्पच राहतो. तिसरं, चर्चा घसरली की मूळ प्रश्न मोठ्याने वाचायचा, बस्स. हे काम दर बैठकीला वेगळ्याकडे द्या आणि त्या दिवशी त्याला स्वतःचं मत मांडायची बंदी ठेवा. ज्येष्ठांना ही बंदी फार जड जाते, म्हणून पहिली पाळी त्यांचीच लावा.

आणि इतिवृत्त. एक पान: प्रश्न, दोन्ही बाजूंचा सगळ्यात बळकट युक्तिवाद, आणि जे सुटलं नाही ते. हे नसलं की सहा महिन्यांनी तोच वाद त्याच वाक्यांत परत होतो, आणि शहाणी माणसं मुकाट्याने यायची बंद होतात.

सूरसागर

इतिवृत्त पटलं. पण ‘बळकट युक्तिवाद’ लिहिणार कोण? लिहिणारा आपल्या बाजूचं अर्धं पान भरतो, समोरच्याला दोन ओळी. उपाय जुनाच आहे, पूर्वपक्ष. खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याच्या समाधानापर्यंत सांगून दाखवायचं. तो ‘हो, हेच म्हणालो’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. इतिवृत्तालाही हाच नियम: प्रत्येक बाजूचा परिच्छेद विरुद्ध बाजूच्याने लिहायचा.

यात बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, वेळ खातं. म्हणून प्रत्येक वाक्याला नको, मुख्य आक्षेपाला फक्त. दोन, काही जण पूर्वपक्ष सांगताना नक्कल करतात. तिथे संचालकाने लगेच थांबवायचं. एकदा हशा पिकला की तो नियम गेला.

वाघोडिया रोड

भाषेचं कोणीच बोलत नाही, नवल आहे. इथल्या मराठी घरांतली तिशीच्या आतली मुलं गुजराती किंवा इंग्रजी माध्यमातली. मराठी फाडफाड बोलतात, पण 10 पानं मराठी गद्य आठवड्यात वाचून या म्हटलं की येतच नाहीत. वाचनाची अट म्हणजे त्यांना दारातूनच ‘आवजो’.

3-4 पानं द्या, मोठ्या टायपात. ज्याला हवं त्याने टिपण गुजरातीत लिहावं, बोलणं मराठीत. सयाजीरावांच्या राज्यात 1931 मध्ये कारभाराच्या शब्दांचा कोश आठ भाषांत निघाला होता. तेव्हा मराठी काही बुडाली नाही.

दांडिया बाजार

पानं कमी करायला हरकत नाही. 4 पानं, पण ती घट्ट हवीत. गुजराती टिपण मात्र नको. एकदा सोय झाली की दुसऱ्या वर्षी चर्चाही गुजरातीत होईल, आणि त्यासाठी शहरात जागा आहेतच.

वाघोडिया रोड

म्हणजे मराठी शुद्ध आणि खुर्च्या रिकाम्या. राखा.

प्रांत पंचायत

पैशाचं सांगतो, कारण मंडळं बहुधा तिथेच वाकतात. हॉल फुकट मिळतो तेव्हा भाडं पैशांऐवजी आपल्या वेळेने फेडावं लागतं. विश्वस्तांचं स्वागत, शाल-श्रीफळ, मनोगत, मान्यवरांचे आभार. दीड तासातली 40 मिनिटं गेली. वरची सगळी गणितं इथेच कोसळतात.

बडोदे संस्थानची ग्रंथालय योजना आठवा. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल बोर्डन यांना आणलं, पण गावोगाव वाचनालयं उभी राहिली ती पैशाच्या अटीमुळे. गावाने जेवढी रक्कम जमवायची तेवढीच प्रांत पंचायतीने (म्हणजे जिल्ह्याच्या पंचायतीने) घालायची, तेवढीच सरकारने. आयतं काही नाही. तसंच इथे करा: प्रत्येकाने सहा महिन्यांची वर्गणी आधी भरायची, शाळेचा एक वर्ग भाड्याने घ्यायचा, पंखा चालतो का ते बघून. व्यासपीठ नसलेलीच जागा निवडा. व्यासपीठ दिसलं की कोणीतरी चढतंच.

न्यायमंदिर

वर्गणीला माझा पाठिंबा, यादीला अजूनही विरोध. मधला मार्ग सुचवतो: 12 खुर्च्या कड्यात, त्यातल्या 8 ठरलेल्या सभासदांच्या, 4 त्या दिवशी मजकूर वाचून येणाऱ्या कुणाच्याही. आधी येईल त्याला आधी. भिंतीलगत ऐकणाऱ्यांना सतरंजी. दर सहा महिन्यांनी 8 पैकी 3 चिठ्ठी टाकून बाहेर.

दांडिया बाजार

चिठ्ठी नको. चांगला वाचणारा जाईल आणि झोपणारा राहील. सलग तीनदा न वाचता आला तो बाहेर, असं करा.

मागची रांग

आणि वाचलंय की नाही हे ठरवणार कोण? परीक्षा घेणार?

सूरसागर

परीक्षा कशाला? आत येताना प्रत्येकाने मजकुरातल्या एका परिच्छेदावरचा एक आक्षेप चिठ्ठीवर लिहून द्यायचा, परिच्छेदाच्या क्रमांकासकट. संचालकाला चर्चेचा क्रम लावायलाही त्याच चिठ्ठ्या उपयोगी पडतात. वाघोडिया रोडवाल्यांची मुलं ती चिठ्ठी गुजरातीत लिहोत, माझी काही तक्रार नाही.