'प्रलंबित' म्हणजे पैसे नेमके कुठे असतात?

ओसरी

माझ्या वडिलांनी आयुष्यभर दिवाणी न्यायालयाच्या कचेरीत नोकरी केली, त्यामुळे 'प्रलंबित' हा शब्द आमच्या घरात मी शाळेत जायला लागण्यापूर्वीपासून वावरतो आहे. गेल्या महिन्यात त्यांनी औषधाच्या दुकानात ३४० रुपये मोबाइलवरून दिले. पडद्यावर एक पिवळे घड्याळ आले आणि त्याखाली 'व्यवहार प्रलंबित' अशी अक्षरे आली. दुकानदाराचा पैसे जमा झाल्याचे सांगणारा छोटा स्पीकर काही बोलला नाही. वडिलांनी आपल्या सवयीप्रमाणे अर्थ लावला की अर्ज दाखल झाला आहे, पण अजून तो कोणी हातात घेतलेला नाही; म्हणजेच पैसे आपल्याच खात्यात आहेत. म्हणून त्यांनी पुन्हा ३४० रुपये दिले. संध्याकाळी खाते पाहिले, तर रक्कम दोनदा वजा झालेली होती. ज्या माणसाने प्रलंबित प्रकरणांची बाडे वर्षानुवर्षे कपाटात पाहिली आहेत, त्याला त्या शब्दाने काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकता. त्या रात्री ते झोपले नाहीत. चौथ्या दिवशी पहिली रक्कम परत आली.

माझी अडचण अशी की मी सध्या एका पतसंस्थेच्या ॲपमधील वाक्यांचे मराठीकरण करते आहे. 'पेंडिंग' या शब्दासमोरच्या रकान्यात मी पहिल्याच दिवशी, फारसा विचार न करता, 'प्रलंबित' असे लिहून ठेवले होते. आता तिथे हात अडतो. पैसे आपल्याकडून गेले आहेत पण पलीकडे पोहोचल्याचे कळलेले नाही, या अवस्थेला मराठीत काय म्हणावे? रकान्यात साधारण वीस अक्षरे मावतात.

दौत

ओसरीताई, आपल्या वडिलांना झालेला त्रास खरा आहे, पण त्याचे खापर शब्दावर फुटू नये असे मला मनापासून वाटते. 'प्रलंबित' म्हणजे खाली लोंबता असलेला. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात किंवा वेरूळच्या १० क्रमांकाच्या लेण्यात स्तूपाला टेकून पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे, त्या आसनाला 'प्रलंबपादासन' म्हणतात. तोच हा 'प्रलंब'. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेला लॅटिन धातूही 'लोंबणे' याच अर्थाचा आहे, आणि घड्याळाच्या लंबकाला इंग्रजीत जे नाव आहे तेही त्याच धातूचे. लंबक आणि प्रलंबित हे जसे भाऊ आहेत, तसेच ते दोन इंग्रजी शब्दही भाऊ आहेत. इतका नेमका जुळणारा प्रतिशब्द सहसा हाताला लागत नाही. जो लागला आहे तो सोडू नये.

पूर्णाकाठ

आमच्याकडे, अकोला-अमरावतीकडे, याला सरळ 'पैसे फसले' म्हणतात. गाडी चिखलात फसते, दोरा मशीनमध्ये फसतो, तसे पैसे मोबाइलमध्ये फसतात. मी पुण्यात शिकायला आलो तेव्हा पहिल्याच महिन्यात एटीएममधून पैसे न येता खात्यातून रक्कम वजा झाली. मी खोलीतल्या मित्राला सांगितले, "माझे दोन हजार फसले." त्याने काळजीने विचारले, "कोणी फसवले?" आणि मला पोलीस चौकीत न्यायला निघाला. माझ्या बोलण्यात कोणी आरोपी नव्हताच. त्याच्या मराठीत फसणाऱ्यामागे फसवणारा असतो, माझ्या मराठीत फक्त चिखल असतो. तेव्हा 'फसले' हा शब्द विदर्भात उत्तम चालेल, पण राज्यभर चालणार नाही, हे मी आधीच मान्य करतो.

खातेवही

मी बँकेच्या संगणक विभागात काम करतो, म्हणून या शब्दामागे काय घडते ते सांगतो. शब्दाचा निर्णय त्यावरूनच व्हावा.

यूपीआय व्यवहारात आपल्या ॲपची विनंती आधी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे जाते. ती यंत्रणा आपल्या बँकेला रक्कम वजा करायला सांगते. वजा झाल्याचे उत्तर आले की ती समोरच्याच्या बँकेला रक्कम जमा करायला सांगते, आणि तिथून होकार आला की दोन्हीकडे निरोप जातो. हे सगळे काही सेकंदांत व्हायचे असते. यातला एखादा निरोप ठरलेल्या वेळात आला नाही, तर आपल्या पडद्यावर 'प्रलंबित' येते. याचा अर्थ असा की त्या एका शब्दामागे तीन वेगळ्या अवस्था असू शकतात. एक, रक्कम वजा झाली की नाही हेच कळलेले नाही. दोन, रक्कम वजा झाली आहे, पण पलीकडे जमा झालेली नाही. तीन, पलीकडे जमा झाली आहे, फक्त निरोप परत आलेला नाही. ओसरीताईंच्या वडिलांचे पैसे परत आले, त्यावरून त्यांचा व्यवहार दुसऱ्या अवस्थेतला असावा.

आणखी एक. न्यायालयातल्या प्रलंबित प्रकरणाला शेवटची तारीख नसते, पण या पैशाला असते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एका व्यक्तीने दुसरीला पाठवलेली रक्कम वजा होऊनही जमा झाली नाही, तर ती पुढच्या दिवसापर्यंत परत यायला हवी. दुकानदाराला दिलेल्या पैशाची निश्चिती झाली नाही, तर ती ५ दिवसांत परत यायला हवी. त्यानंतर ग्राहकाला दर दिवशी १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती ग्राहकाने तक्रार करण्याची वाट न पाहता द्यायची असते. माझ्या अनुभवात दहांतल्या नऊ ग्राहकांना हे ठाऊक नसते. जो शब्द मुदत लपवतो तो व्याकरणाने कितीही शुद्ध असला तरी ग्राहकाच्या उपयोगाचा नाही, असे माझे मत आहे.

ओसरी

खातेवही, आपले फार आभार. माझा प्रश्न मलाच आता नीट कळला. 'प्रलंबित' हा शब्द वेळेबद्दल बोलतो आणि माणसाला हवी असते जागा. वडिलांना उशिराची चिंता नव्हती, पैसे या क्षणी कोणाच्या ताब्यात आहेत हे त्यांना हवे होते. त्यासाठी 'वाटेत आहे' कसे वाटते? आमच्या आईला मनीऑर्डरच्या काळापासून 'पैसे वाटेत आहेत' हे वाक्य ओळखीचे आहे, आणि पैसे वाटेत असताना पुन्हा पाठवायचे नसतात हेही तिला ठाऊक आहे.

सुतारपक्षी

'वाटेत आहे' छान आहे, पण मला मूळ प्रश्नच पटत नाही. 'पेंडिंग' बदलायचे कशाला? माझी मावशी सहावीपर्यंत शिकलेली आहे आणि ती गॅसच्या सिलिंडरचे 'बुकिंग पेंडिंग हाय' असे म्हणते. तहसीलमध्ये फाइल 'पेंडिंगला' पडते, बिल 'पेंडिंगमध्ये' जाते, आणि साहेब कामे 'पेंडिंग ठेवतात'. ज्या शब्दाला मराठीने आपले विभक्तिप्रत्यय लावले तो मराठी झाला, हा माझा साधा निकष आहे. 'बाकी' अरबी आहे, 'मुदत' अरबी आहे, 'मुलतवी'ही अरबी आहे, आणि या तिन्हींना आपण कधी ओळखपत्र मागितले नाही. मग 'पेंडिंग'लाच दारात का थांबवायचे?

दौत

सुतारपक्षी, प्रत्यय लागला म्हणजे शब्द रुजला असे नाही. प्रत्यय तर आपण कालच ऐकलेल्या शब्दालाही लावतो. शब्द रुजला हे तेव्हा कळते, जेव्हा त्याच्यापासून दुसरे शब्द फुटतात. 'बाकी'पासून 'थकबाकी' झाली, 'मुदत'पासून 'बेमुदत' आणि 'मुदतबंद' झाले. 'पेंडिंग'पासून एवढ्या वर्षांत काय झाले ते मला दाखवा. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो कारभारात फारसीतील शब्द सर्वांच्या अंगवळणी पडलेले असतानाच. तेव्हाही कोणीतरी म्हटलेच असेल की लोकांना कळते आहे, मग बदलायचे कशाला. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम चालवली. 'महापौर' हा शब्द तेव्हा अनेकांना जड वाटला होता, आज तो कोणाला अडत नाही. शब्दाला चालायला थोडी वर्षे द्यावी लागतात.

सुतारपक्षी

वर्षे देण्याबद्दल माझे म्हणणे नाही, पण ती वर्षे कोण देतो? 'महापौर' हा शब्द न कळल्याने कोणाचे ३४० रुपये दोनदा गेले नाहीत. फलकावरच्या शब्दाला रुळायला वेळ मिळतो, कारण वाचणारा तिथून पुढे निघून जातो. दुकानाच्या गल्ल्यासमोर, मागे चार माणसे उभी असताना, हातातल्या पडद्यावर जो शब्द येतो त्याला एका श्वासात कळावे लागते. राज्यव्यवहारकोश वाचणारे कारकून होते. आपल्या ॲपचा वाचक तो गिऱ्हाईक आहे.

पूर्णाकाठ

इथे एक गोष्ट कोणी बोलले नाही. 'अडकले' हा शब्द सगळ्या जिल्ह्यांत कळतो, मग तो कोणत्याच ॲपवर का दिसत नाही? माझ्या मते त्याचे कारण असे की 'अडकले' म्हटले की पुढचा प्रश्न येतो, 'कोणामुळे?'. 'प्रलंबित' म्हटले की तो प्रश्न येत नाही. जे आपोआप लोंबते आहे त्याला कोणी अडवलेले नसते. मूळ इंग्रजी शब्दही तसाच आहे, म्हणून दौत म्हणतात तो नेमकेपणा मला मान्य आहे, पण तो नेमकेपणा यंत्रणेच्या सोयीचा आहे.

गलबत

मी मूळचा खाडीकाठचा आहे, आता मस्कतला असतो. या चर्चेत 'खोळंबणे' हा शब्द अजून आला नाही याचे मला आश्चर्य वाटते.

आमच्या लहानपणी तरीवर उभे राहून पलीकडच्या काठाकडे बघत बसावे लागे. तरीवाला पलीकडे असला की आम्ही 'खोळंबलेले' असू. ओहोटीला गाळात बसली तर होडी 'रुतली' किंवा 'अडकली'. वारा पडल्यावर हळूहळू येत राहिली तर 'रखडली'. बाजाराच्या दिवशी माणसे आणि टोपल्या काठावर साचत गेल्या तर धक्का 'तुंबला'. हे चार शब्द आमच्याकडे कोणी एकमेकांच्या जागी वापरत नसे. अडकण्याला अडथळा लागतो, रखडण्यात गती मंद असते, तुंबण्यात मागून भर पडत राहते, आणि खोळंबण्यात दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहायची असते. 'तुझ्यासाठी सगळे खोळंबले आहेत' असे आपण म्हणतो. 'तुझ्यासाठी सगळे अडकले आहेत' यात थोडा राग येतो, आणि 'तुझ्यासाठी सगळे रखडले आहेत' असे तर कोणी म्हणतच नाही.

खातेवहींनी सांगितलेल्या तिन्ही अवस्थांत एक गोष्ट समान आहे. कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहणे चालू आहे. म्हणून 'व्यवहार खोळंबला आहे' हे मला अगदी नेमके वाटते. त्यात दोषारोप नाही, आणि कोणाची तरी वाट पाहिली जात आहे हे लपवलेलेही नाही.

दौत

गलबत, चार क्रियापदांचा आपण केलेला निवाडा फार मोलाचा आहे, तो मी उतरवून ठेवला. परंतु 'खोळंबा' बहुधा माणसांचा होतो. 'प्रवाशांचा खोळंबा झाला' असे वर्तमानपत्रे छापतात, 'गाडीचा खोळंबा' असे ती सहसा लिहीत नाहीत. पैसे वाट पाहत नाहीत, वाट पाहतात ते तुम्ही आणि दुकानदार.

गलबत

नाम आणि क्रियापद यांत फरक आहे. खोळंबा बहुधा माणसांचा होतो, हे खरे. पण 'काम खोळंबले', 'पेरणी खोळंबली', 'लग्न खोळंबले' हे आपण रोज ऐकतो. मृगाचा पाऊस आला नाही की पेरणी खोळंबते. पेरणीला जीव नसतो.

खातेवही

शब्द कोणताही निवडा, पण त्याखाली 'पुन्हा पैसे देऊ नका' ही ओळ यायलाच हवी. व्यवहाराचा क्रमांक आणि मुदतीची तारीखही आली तर उत्तमच. एकट्या शब्दावर एवढे ओझे टाकू नये.

ओसरी

खातेवही, ती ओळ मी आज घातली. संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्यांचे उत्तर आले की तारीख छापणे म्हणजे लेखी कबुली होते, म्हणून ती घालता येणार नाही. ओळ राहू शकेल. मला ते पटलेले नाही आणि मी पुन्हा विचारणार आहे. वडिलांना 'खोळंबला' आणि 'वाटेत आहे' असे दोन्ही शब्द वाचून दाखवले. 'वाटेत' असेल तर तो कुठल्या वाटेने गेला तेही लिहा, असे ते म्हणाले. 'खोळंबला' त्यांना आवडला, पण व्यवहार फसला की खोळंबला हे आईने तीनदा विचारले, कारण ती मूळची यवतमाळची.

पूर्णाकाठ

आईसाहेबांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या 'फसला'चा अर्थ मला विचारावा लागणार नाही.

दौत, जाता जाता एक शंका. 'लांबणीवर पडले' यातले 'लांब' तुमच्या त्या 'लंब'मधलेच ना? तसे असेल तर 'प्रलंबित'चा मराठी भाऊ आपल्या घरातच होता, आणि आपण उगाच संस्कृतकडे गेलो.

दौत

'लांब' हा 'लंब'पासूनच आला आहे, यात शंका नाही. 'लोंबणे', 'लोंबकळणे' हेही त्याच कुळातले असावेत. माझा स्वतःचा तर्क असा आहे की भाताची 'लोंबी'ही त्यातलीच, कारण दाणा भरला की ती खाली वाकून लोंबते. गव्हाची 'ओंबी' मात्र उभी राहते, तिचे मूळ वेगळे असावे.

गलबत

आमच्याकडे भाताच्या लोंबीला 'लोंब' म्हणतात, आणि ती वाकली म्हणजे कापणीला आठ-दहा दिवस उरले असे आजी धरायची. तुमच्या तर्काप्रमाणे ती प्रलंबितच झाली की! पण आमच्या शेतात ओंबीही पिकल्यावर मान टाकायची, तेव्हा 'उभी राहते' हे मला मान्य नाही. घाटावरच्या कोणीतरी सांगावे.