मदत हवी आहे : अंगणवाडीतल्या मुलांसाठी घरचे रंग

नमस्कार ताई-दादांनो, माझ्या अंगणवाडीत 3 ते 6 वयाची 22 मुलं आहेत. लहानगी रंग तोंडात घालतात, म्हणून मी हळद, बीट, गेरू आणि तांदळाच्या पिठाची खळ वापरते. काल एका चिमुरडीने पाचही बोटं गेरूत बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर उमटवली आणि म्हणाली, "ही माजी कोंबडी." आल्यापासून आठवडाभर तोंड न उघडलेली पोर! पण बिटाचा रंग दोन दिवसांत तपकिरी पडतो, खळ आंबते. मीठ किंवा लिंबू घातलं तर टिकेल का? किती घालायचं? शिवाय पालक म्हणतात, "चित्रं पुरे, मुळाक्षरं गिरवून घ्या." पेन्सिल धरण्याआधी बोटांत बळ यावं लागतं, हे तुम्ही त्यांना कसं पटवता?