अनुसूचित क्षेत्रातील सरपंचपद आदिवासींसाठी राखीव असणे पुरेसे आहे का?

मूळ मांडणी

१९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतराज अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, अनुसूचित क्षेत्रातील (राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झालेल्या आदिवासी भागातील) पंचायतींसाठी दोन गोष्टी ठरवून दिल्या. आदिवासींच्या राखीव जागा एकूण जागांच्या निम्म्याहून कमी असणार नाहीत आणि प्रत्येक स्तरावरील अध्यक्षपद (ग्रामपंचायतीत सरपंचपद) आदिवासींकडेच राहील. महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांतील तालुके व गावे या क्षेत्रात मोडतात. पालघर जिल्ह्यात मी काही वर्षे ग्रामपंचायतींच्या हिशेबाचे काम केले आहे आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की, राखीव खुर्चीने प्रतिनिधित्वाला सुरुवात होते, पण बहुतेक ठिकाणी ते त्या खुर्चीपाशीच अडवले जाते.

एक उदाहरण देतो. वित्त आयोगाच्या निधीतून देयक काढायचे तर सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांची डिजिटल स्वाक्षरी लागते. एका गावात सरपंचबाईंची डोंगल, म्हणजे ही स्वाक्षरी करण्याचे संगणकाला जोडायचे छोटे उपकरण, उपसरपंचांच्या घरातील कपाटात असे आणि ओटीपी येई तो उपसरपंचांच्या मुलाच्या मोबाइलवर. गटाराच्या कामाची रक्कम कोणाला दिली, असे मी बाईंना विचारले तेव्हा त्या पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत एवढेच म्हणाल्या, "भाऊंना विचारा, त्यांना माहीत." उपसरपंचपद या आरक्षणाच्या कक्षेत येत नाही, त्यामुळे गावातील जुनी वजनदार घराणी त्या पदावर बसतात आणि कारभार तिकडे सरकतो. माझे म्हणणे असे की, न्याय्य प्रतिनिधित्व मोजायचे असेल तर खुर्चीवर कोण आहे याबरोबरच पाड्यावरच्या ग्रामसभेला किती अधिकार मिळाला, हेही पाहिले पाहिजे. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची वाट ठेवली आहे, आणि ती वाट वापरली जायला हवी.

प्रतिसाद १

मी गडचिरोली जिल्ह्यातील शेतकरी असून इतर मागासवर्गातील आहे. मूळ लेखकांनी दुसरी बाजू मांडलेली नाही. आमचे गाव अनुसूचित क्षेत्रात आहे, परंतु गावातील आदिवासी कुटुंबे एकूण कुटुंबांच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी आहेत. तरीही सरपंचपद कायम त्यांच्यासाठीच राखीव असते. इतरत्र आरक्षण फिरते आणि पाच वर्षांनी का होईना पाळी येते, आमच्याकडे मात्र ती कधीच येणार नाही. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्राची यादी १९८५ सालच्या आदेशाची आहे. तेव्हापासून गावांची वस्ती बदलली, यादी मात्र तीच राहिली. त्यात ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा निकाल दिला, आणि जिथे आदिवासींचा वाटा मोठा आहे तिथे इतर मागासवर्गाच्या जागा आटल्या. आदिवासींना हक्क मिळू नये, असे मी म्हणत नाही. लोकसंख्येच्या प्रमाणात जागा हे तत्त्व एका समाजाला लागू आणि दुसऱ्याला नाही, हे मला पटत नाही.

प्रतिसाद २

शेतकरीबंधूंची तक्रार मनापासूनची आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यावेसे वाटते. अध्यक्षपदाच्या याच तरतुदीचा प्रश्न झारखंडमधून सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि जानेवारी २०१० मध्ये न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातील अध्यक्षपदे पूर्णपणे आदिवासींसाठी राखीव ठेवणे घटनेला धरून असल्याचे सांगितले. त्यामागचा विचार केवळ डोकी मोजण्याचा नाही. ज्या भागात आदिवासींच्या जमिनी इतरांच्या नावावर जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्राला १९७४ साली महसूल संहितेत ३६अ हे कलम घालावे लागले, त्या भागात बाहेरून येणाऱ्यांची संख्या वाढली की संरक्षण कमी करायचे, असा नियम केला तर संरक्षणाचा हेतूच उलटा होईल.

आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. २०२२ पासून सरपंचाची निवड पुन्हा थेट मतदारांमधून होऊ लागली आहे. आपल्या गावात आदिवासी एक तृतीयांशाहून कमी असतील, तर कोणता आदिवासी उमेदवार निवडून यावा हे उरलेल्या दोन तृतीयांशांहून अधिक मतदारांच्या हातात आहे. म्हणजे खुर्ची त्यांची, पण निवड आपली. मग वंचित कोण, हे आपणच शांतपणे पाहावे. यादी जुनी झाली आहे हा आपला मुद्दा मात्र खरा आहे. यादीत बदल करण्याचा अधिकार पाचव्या अनुसूचीनुसार राष्ट्रपतींकडे आहे, तेव्हा ती मागणी त्याच मार्गाने व्हावी. कायद्यातील तरतूद पातळ करून नव्हे.

प्रतिसाद ३

इथे सर्वांची चर्चा अनुसूचित क्षेत्रापुरती चालली आहे. मी रायगडमधील कातकरी वाड्यांवर काम करते. रायगड जिल्हा त्या यादीत नाही, म्हणून आमच्याकडे निम्म्या जागाही नाहीत आणि सरपंचपदाची हमीही नाही. तिथे फक्त लोकसंख्येचे प्रमाण चालते. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत वाडीचा वाटा पाच टक्के असेल तर हिशेबात अर्धी जागासुद्धा येत नाही, आणि अर्धा सदस्य कोणी निवडून देत नाही. डोंगराच्या पायथ्याची वाडी पिढ्यानपिढ्या एकाही सदस्यावाचून राहते.

जागा सुटली तरी उमेदवार कुठून आणायचा? दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्या महिन्यांत मतदारयादीची पडताळणी झाली तर 'घर बंद' असा शेरा पडतो आणि मतदारयादीतून नाव जाते. मागे एक तरुण उभा राहायला तयार झाला, पण जात वैधतेसाठी त्याच्याकडे १९५० पूर्वीचा पुरावा मागितला गेला. त्याचे आजोबा शाळेत गेले नव्हते, त्यांच्या नावावर जमीनही नव्हती. तो मला म्हणाला, "ताई, आम्ही कातकरी आहोत हे अख्ख्या गावाला माहीत आहे, फक्त कागदाला माहीत नाही." बोगस दाखल्यांवर आळा हवाच, पण केंद्राने विशेष असुरक्षित म्हणून नोंदवलेल्या जमातीकडे हा पुरावा मागताना गृहचौकशी अधिकाऱ्यांनी वाडीवर येऊन करावी, एवढी आमची मागणी आहे.

मूळ लेखक

ताईंचे म्हणणे माझ्या मांडणीत यायला हवे होते, ती उणीव मान्य करतो.

पाड्याची ग्रामसभा फार लहान असते, तिला कारभार झेपणार नाही, असे प्रत्यक्ष बोलताना अनेकजण म्हणतात. त्यांनी गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा पाहावे. हे जेमतेम पाचशे वस्तीचे गाव. तिथे निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतात. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे बांबूची विक्री ग्रामसभेने स्वतः केली. सरपंच कोण यावर तिथले काही अडले नाही, कारण हिशेब सर्वांसमोर वाचला जातो.

एक धोका मात्र आपल्यापैकी कोणी मांडलेला नाही. पालघर जिल्ह्यातील मोखाडा, तलासरी, विक्रमगड येथील ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. पेसा शहरी संस्थांना लागू नाही, त्यामुळे तिथे अध्यक्षपदाची हमी संपली आणि ते पद सोडतीवर गेले. वस्ती तीच, माणसे तीच, फक्त पाटी बदलली.

प्रतिसाद १ चे लेखक

यादीच्या पुनर्विलोकनाची माझी मागणी कायम आहे. थेट निवडीबाबत दिलेले उत्तर मात्र मी दोनदा वाचले. गेल्या निवडणुकीत आमच्या समाजाची बैठक होऊन 'आपले ऐकणारा' आदिवासी उमेदवार ठरवला गेला होता, आणि त्या बैठकीत मीही बसलो होतो. त्याच्या स्वाक्षरीची डोंगल कोणाकडे असते, हे मी उद्या ग्रामपंचायतीत जाऊन विचारणार आहे.