शोध, आविष्कार, पेटंट, एकस्व : नेमकं कुठे काय म्हणायचं?

एका माहितीपत्रकाचं मराठी करतेय, विषय बौद्धिक संपदा हक्क, आणि कालपासून एकाच वाक्यावर अडकून बसलेय. मूळ वाक्याचा अर्थ इतकाच की निसर्गात आधीपासून असलेली गोष्ट कुणाला सापडली तर तिच्यावर पेटंट मिळत नाही, माणसाने नव्याने बनवलेल्या गोष्टीवर मिळतं. पहिला खर्डा भराभर टाईप केला आणि परत वाचला तर काय, 'शोधाला पेटंट मिळत नाही, शोधाला पेटंट मिळतं'. दोन्हीकडे तोच शब्द! आणि लिहिताना मला जराही खटकलं नव्हतं, कारण आपण गुरुत्वाकर्षणाचाही शोध लावतो आणि टेलिफोनचाही शोधच लावतो. शाळेत 'जोड्या लावा' मध्ये क्ष-किरण, पेनिसिलीन, वाफेचं इंजिन सगळं एका रांगेत असायचं. पण रॉन्टगेनला १८९५ साली जे दिसलं ते किरण आधीपासून होतेच, इंजिन मात्र कुणीतरी बनवेपर्यंत जगात नव्हतंच. कायद्याचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे आणि आपला रोजचा शब्द तो फरक करतच नाही.

त्यात 'शोध घेणे' वेगळं, 'शोध लागणे' वेगळं, 'शोध लावणे' वेगळं. पेटंटसाठी अर्ज करायच्या आधी जुनी पेटंटं धुंडाळतात त्यालाही शोधच म्हणतात. म्हणजे एका परिच्छेदात हा शब्द तीन अर्थांनी येतोय आणि वाचणारा बिचारा गोंधळणार.

तर विचारायचंय असं की 'आविष्कार' चालेल का? पेटंटला 'एकस्व' असा शब्द कोशात आहे, तो कुणी खरंच वापरतं का? आणि कॉपीराइटला प्रताधिकार लिहू की कॉपीराइटच राहू दे?

— प्रतिसाद —

ताई, आविष्कार नका वापरू. हिंदीत त्याचा अर्थ तुम्हाला हवाय तोच आहे पण मराठीत तो शब्द कधीच वेगळ्या वाटेने गेलाय. आपण कलाविष्कार म्हणतो, आविष्कारस्वातंत्र्य म्हणतो, म्हणजे आतलं काहीतरी व्यक्त करणं. आणि तुमच्याच पत्रकात पुढे कॉपीराइटचं प्रकरण असेल, तिथे नियमच असा आहे की नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, ती ज्या रूपात व्यक्त झाली त्या रूपाला आहे. ते रूप म्हणजेच मराठीतला आविष्कार. मग पेटंटच्या पानावर आविष्कार म्हणजे यंत्र आणि कॉपीराइटच्या पानावर आविष्कार म्हणजे कविता, असं होणार.

— प्रतिसाद —

मी पेटंटचे मसुदे लिहितो, रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, चालवून घ्या.

आधी 'पेटंट' हाच शब्द बघा कारण त्याचा मूळ अर्थ लोकांना वाटतो त्याच्या बरोबर उलट आहे. लोकांना वाटतं पेटंट म्हणजे कुलूप, म्हणजे आपली युक्ती लपवून ठेवायचं साधन. मुळात लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आहे उघडा. राजाकडून निघणारी पत्रं दोन तऱ्हेची असायची, एक घडी घालून मोहोर लावून बंद केलेलं, मोहोर तोडल्याशिवाय वाचताच येणार नाही असं, आणि दुसरं उघडं पत्र, ज्याची मोहोर खाली लोंबत असायची म्हणजे ती न तोडता कुणालाही वाचता यावं. हे दुसरं ते पेटंट. आपल्या शब्दात सांगायचं तर पहिला खलिता आणि दुसरी सनद. इंग्लंडात १४४९ साली सहाव्या हेन्रीने जॉन ऑफ युटिनॅम नावाच्या कारागिराला रंगीत काच बनवण्यासाठी २० वर्षांचा हक्क दिला तो अशाच उघड्या पत्राने, आणि व्हेनिसने १४७४ साली त्याचा रीतसर कायदाच केला, तिथे मुदत १० वर्षांची होती.

आजही सौदा तोच आहे. तुमची युक्ती इतकी नीट लिहून द्यायची की त्या विषयातल्या जाणत्या माणसाला नुसतं वाचून ती करता आली पाहिजे, आणि ती सगळ्या जगापुढे छापली जाते. बदल्यात ठराविक मुदतीपुरता हक्क मिळतो, सध्या बहुतेक सगळीकडे अर्ज दाखल केल्या तारखेपासून २० वर्षं (मंजूर झाल्यापासून नाही, ही चूक फार जण करतात). मुदत संपली की ती सगळ्यांची. ज्याला उघड करायचंच नाही त्याने पेटंटच्या वाटेला जाऊच नये, त्याच्यासाठी व्यापारी गुपित हा वेगळा प्रकार आहे, ते खलित्यासारखं बंद ठेवायचं, पण फुटलं की गेलं.

म्हणून मला विचाराल तर भावार्थाने सगळ्यात जवळचा मराठी शब्द सनद. पण आता सनद म्हटलं की वकिलीचीच सनद डोळ्यापुढे येते त्यामुळे पत्रकात तो चालणार नाही हेही खरं.

— प्रतिसाद —

उघडा हा अर्थ माहीतच नव्हता! मग 'पेटंट विनोद', 'त्याचं ते पेटंट कारण' असं आपण म्हणतो ते कुठून आलं असेल? तिथे तर अर्थ 'त्याचाच, नेहमीचा, ठरलेला' असा आहे. आणि जुन्या औषधांना पेटंट औषधं म्हणायचे तेही?

— प्रतिसाद —

मसुदेवाला परत. 'पेटंट विनोद' मध्ये फक्त 'हा याच्याच नावावर' एवढाच भाग उरलाय, मुदत आणि उघडेपणा दोन्ही गळून गेले. पेटंट औषधांची गोष्ट तर फारच बोलकी आहे, अठराव्या एकोणिसाव्या शतकात इंग्लंड अमेरिकेत त्या नावाने ज्या बाटल्या विकल्या जायच्या त्यातल्या बहुतेकांवर पेटंट नव्हतंच. कारण पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते सांगावं लागलं असतं! त्यांना राखायचं होतं ते नाव आणि बाटलीचा आकार.

— धागा काढणारी —

हे वाचून एकस्वाबद्दल माझं मत बदलायला लागलंय. एक + स्व, म्हणजे एकट्याचं स्वतःचं. ऐकायला नेटका शब्द आहे, पण त्यात ना मुदत दिसते ना उघड करणं दिसतं. निदान 'एकट्याचा हक्क' हे तरी त्यातून बरोबर पोचतं ना?

— प्रतिसाद —

ताई, तेही अर्धंच पोचतं. पेटंट तुम्हाला ती वस्तू बनवायचा हक्क देत नाही, दुसऱ्याने बनवू नये असं म्हणायचा हक्क देतं. मनाईचा हक्क आहे तो. हे नवीन लोकांना समजावताना मी नेहमी जेम्स वॉटचं उदाहरण देतो. वाफ थंड करायला वेगळं भांडं ठेवायच्या युक्तीवर १७६९ पासून त्याचं पेटंट होतं, १७७५ साली पार्लमेंटने ते १८०० पर्यंत वाढवून दिलं, म्हणजे केवढा भक्कम हक्क. पण इंजिनाचा दांडा वर खाली हलतो, त्यापासून चाक फिरवायचं तर क्रँक लागतो, आणि इंजिनाला क्रँक जोडायच्या रचनेवर १७८० मध्ये जेम्स पिकर्ड या दुसऱ्याच माणसाने पेटंट घेऊन ठेवलेलं. वॉट अडकला! स्वतःचं पेटंट खिशात असून स्वतःच्या इंजिनाला साधा क्रँक लावता येईना. मग १७८१ साली त्याने वळसा घातला, हलत्या दांड्याच्या टोकाला एक दातेरी चाक पक्कं बसवलं, ते दुसऱ्या दातेरी चाकाभोवती फिरायचं, सूर्याभोवती ग्रह फिरतो तसं, आणि गंमत म्हणजे दोन्ही चाकं सारखी असली की ग्रहाच्या एका फेरीत मधलं चाक दोन फेऱ्या मारतं. १७९४ साली पिकर्डची मुदत संपली तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

आता सांगा, वॉटचं होतं ते 'एकस्व' का? त्याच्या हातात होती ती दुसऱ्यांना अडवायची परवानगी. आणि अडवलंच पाहिजे असंही नाही, गाडीतला तीन ठिकाणी अडकणारा सीटबेल्ट १९५९ मध्ये व्होल्वोच्या निल्स बोलिनने तयार केला, कंपनीने पेटंट घेतलं आणि इतर सगळ्या गाडीवाल्यांना वापरू दिलं.

— प्रतिसाद —

कॉपीराइटवर मला बोलायचंय, कारण त्याच्यावरून मी खूप मनस्ताप काढलाय. माझ्या कविता लोक फिरवतात आणि खाली लिहितात 'साभार'. अरे बाबा, साभार म्हणजे आभारासहित, परवानगीसहित नव्हे! आभार मानले म्हणून हक्क मिळत नाही, विचारावं लागतं. पूर्वी संपादक लेख नाकारताना 'साभार परत' लिहायचे, तिथे निदान परत तरी करत होते.

दुसरं म्हणजे वाङ्मयचौर्य आणि कॉपीराइटचा भंग हे दोन्ही एकच समजतात. मुदत संपलेल्या जुन्या लेखकाचं लिखाण कुणी स्वतःच्या नावाने छापलं तर ते शंभर टक्के वाङ्मयचौर्य आहे पण कॉपीराइट उरलेलाच नाही तर त्याचा भंग कसला. उलट माझी कविता माझं नाव ठळक घालून न विचारता पुस्तकात छापली तर चौर्य नाही पण भंग आहे. दोन्ही शब्द आपापल्या जागी हवेत.

आणि कृपा करून पत्रकात 'कॉपीराइट घ्या' असं लिहू नका. पेटंट घ्यावं लागतं, अर्ज करावा लागतो. कॉपीराइट लिहिता क्षणी असतोच. बर्न करार, म्हणजे कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार, १८८६ चा, त्यात १९०८ पासून हे स्पष्ट आहे की नोंदणी वगैरे कशावरही तो अवलंबून नाही, आणि लेखकाच्या हयातीनंतर किमान ५० वर्षं तो टिकतो. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते, एवढंच.

— धागा काढणारी —

मनापासून पटलं, 'कॉपीराइट घ्या' दोन ठिकाणी लिहिलं होतं, दोन्ही काढलं. प्रताधिकार मला आवडतो, प्रत आणि अधिकार, अर्थ लगेच कळतो आणि 'प्रतिलिप्यधिकार' सारखी जीभ अडखळत नाही. शिवाय देवनागरीत 'राइट' लिहिलं की हक्क की लिहिणं हे कळायला मार्ग नाही, बरेच जण 'लिहिलेल्याची कॉपी' असंच समजतात.

— प्रतिसाद —

पण भाषांतर, रूपांतर, सादरीकरण हेही त्याच हक्कात येतं ना, नुसती प्रत काढणं नाही. जुन्या पुस्तकांच्या आतल्या पानावर असायचं ते 'सर्व हक्क लेखकाचे स्वाधीन' मला जास्त भावतं. अनेकवचन आहे बघा, हक्क एक नसतो, जुडगा असतो. फक्त 'स्वाधीन' ला हल्ली 'च्या स्वाधीन केलं' असा देऊन टाकण्याचा वास येतो, मूळ अर्थ आपल्या ताब्यात असा.

— प्रतिसाद —

ट्रेडमार्कचंही लिहा कुणीतरी. व्यापारचिन्ह ठीक आहे, बोधचिन्ह मात्र म्हणू नये, बोधचिन्ह म्हणजे लोगो, आणि व्यापारचिन्ह नुसतं चित्र नसतं, शब्दही असतो. आणि शब्द फारच लोकांच्या तोंडी बसला तर मालकाच्या हातून सुटतो. एस्केलेटर हे ओटिस कंपनीचं चिन्ह होतं, १९५० मध्ये अमेरिकेत ते गेलं. ॲस्पिरिन अमेरिकेत १९२१ च्या निकालापासून साधं नाम, पण जर्मनीत अजून बायर कंपनीचं चिन्ह. आपण कुठल्याही मशीनवर 'झेरॉक्स काढतो', ते नाव मात्र आजही नोंदलेलं चिन्ह आहे.

— प्रतिसाद —

मूळ प्रश्नाकडे येतो. संस्कृतात नेमका शब्द आहे, उपज्ञा. कुणी शिकवलेलं नाही, स्वतःला पहिल्यांदा सुचलेलं ज्ञान. पाणिनीच्या एका सूत्रातच तो येतो आणि त्यावरच्या वृत्तीत, म्हणजे जुन्या टीकेत, उदाहरण म्हणून पाणिनीचं व्याकरणच दिलंय.

— धागा काढणारी —

काय सुंदर शब्द आहे! माझ्या वहीत गेला. पण हे पत्रक ज्याच्या हातात पडणार तो वर्कशॉपमध्ये काहीतरी जुळवाजुळव करून बघणारा माणूस आहे, त्याला उपज्ञा म्हटलं तर तो पत्रक खाली ठेवेल. रात्रभर विचार केला आणि वाटलं नाम शोधायचा हट्टच सोडावा, आपल्याकडे क्रियापदं आहेत की. आता वाक्य असं केलंय :

'आधीपासून होतं ते सापडलं, तर पेटंट नाही. नव्हतं ते घडवलं, तर पेटंट मिळतं.'

'शोध' हा शब्दच ठेवला नाही. पेटंट पेटंटच ठेवलं, एकस्व कंसात एकदा. प्रताधिकार सगळीकडे, पहिल्यांदा येईल तिथे कॉपीराइट जोडून.

— प्रतिसाद —

वाक्य फार छान झालंय ताई. एकच दुरुस्ती, 'मिळतं' नको, 'मिळू शकतं' करा. नव्हतं ते घडवलं एवढंच पुरत नाही, जगात कुठेही आधी छापलेलं किंवा वापरलेलं नसावं, जाणत्या माणसाला सहज सुचेल असंही नसावं, आणि प्रत्यक्ष उपयोगाचं असावं. लोक आधी उत्साहाने सगळीकडे दाखवून टाकतात आणि मग अर्जाचं विचारायला येतात, तोवर बरेचदा उशीर झालेला असतो. हे बघताना खरंच जीव तुटतो, म्हणून 'आधी अर्ज, मग जाहीर' असं त्याच पानावर ठळक टाका.

— धागा काढणारी —

दोन्ही केलं. पुढच्या पानावर 'क्लेम' आलाय. त्याला दावा लिहिलं तर वाचणाऱ्याला कोर्टच आठवणार ना?

— प्रतिसाद —

आठवेल, पण दावाच ठेवा, रुळलाय. फक्त शेजारी एक ओळ द्या की शेताला जशी हद्द तसा पेटंटला दावा, इथपर्यंत माझं आणि त्यापुढे सगळ्यांचं. वर्णन कितीही पानांचं असू दे, भांडण आलं की वाचला जातो तो दाव्यातला एकेक शब्द. तिथे 'आणि' च्या जागी 'किंवा' पडला तरी हद्द सरकते.