नोनोंग अरानेटा: मैदानातून फिफा कौन्सिलपर्यंतचा जिना कसा असतो?

गंगावेश_फॉरवर्ड
मंडळी, फिलिपिन्सचे मारिआनो 'नोनोंग' अरानेटा एकेकाळी त्यांच्या राष्ट्रीय संघातून खेळले. पुढे २०१० ते २०२३ फिलिपिन्स फुटबॉल फेडरेशनचे (पीएफएफ) अध्यक्ष झाले, २०१९ मध्ये फिफा कौन्सिलवर (जागतिक फुटबॉल संघटनेच्या निर्णय घेणाऱ्या मंडळावर) गेले आणि टोकियो ऑलिंपिकला देशाच्या पथकाचे प्रमुखही होते. बास्केटबॉलवेड्या देशातल्या फुटबॉलपटूला हे जमलं कसं? मतं कुठून येतात? अध्यक्षाच्या हातात नक्की काय असतं? आणि कोल्हापूर-मुंबईत लीग खेळलेल्याला या वाटेला लागायचं तर सुरुवात कुठून करावी? 'ओळखी लागतात' एवढंच उत्तर नको, ते माहीत आहे.

थ्रोइन
आधी मतांचं. पीएफएफच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे सर्वसाधारण सभेत, मतं असतात प्रादेशिक संघटनांची. देश बास्केटबॉलचा असला तरी काही भाग पक्के फुटबॉलचे आहेत: इलोइलो, नेग्रोस, म्हणजे देशाच्या मधल्या बेटांचा, व्हिसायासचा पट्टा. अरानेटा इलोइलोकडचे. बार्सिलोनासाठी गोलांचा पाऊस पाडणारा पाउलिनो अल्कांतारा जन्मला तोही इलोइलोतच. मनिलाच्या टीव्हीवर फुटबॉल दिसला नाही म्हणून प्रांतांतली मतं कमी होत नाहीत.

आता २७ नोव्हेंबर २०१०. निधीच्या गैरवापराचे आरोप असलेल्या तत्कालीन अध्यक्षांना काँग्रेसनं हटवलं आणि अरानेटांना निवडलं. मान्यतेवरून ओढाताण झाली, पण पुढे फिफानं नव्या अध्यक्षांना मान्यता दिली. इथली मेख लक्षात घ्या. हटवलं ते संघटनेच्याच सदस्यांनी. आपल्याकडे ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयानं नेमलेली प्रशासक समिती कारभार बघत होती, तर फिफानं 'त्रयस्थांचा हस्तक्षेप' म्हणून एआयएफएफला (अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला) निलंबित केलं. समितीचा अधिकार संपल्यावर २६ ऑगस्टला निलंबन उठलं, नाहीतर ऑक्टोबरमधला, भारतात होणारा मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक हातचा गेला होता. अध्यक्ष नकोसा झाला तर आधी घटनेत सभा बोलावण्याचं कलम शोधा. कोर्टाची पायरी शेवटी.

फिफा कौन्सिलची मतं अजून वेगळी. तिथे एएफसीचे (आशियाई फुटबॉल महासंघाचे) सदस्य देश मतदान करतात, प्रत्येकी एक मत, चीनलाही एक आणि गुआमलाही एक. एप्रिल २०१९ ला क्वालालंपूरमध्ये अरानेटा निवडून आले, त्याच मतदानात गोंदियाचे प्रफुल्ल पटेलही ४६ पैकी ३८ मतं घेऊन आले. एक माजी खेळाडू, एक मुरलेला राजकारणी, आणि दोघांनाही तोच दरवाजा. २०२३ ला बहरीनच्या मनामामध्ये अरानेटा पुन्हा जिंकले, चीन आणि कोरियाचे उमेदवार पडले. छोट्या देशांना सतत भेटणारा, कोणाच्या डोळ्यांत न खुपणारा माणूस अशा मतदानात पुढे जातो. राष्ट्रीय संघाची जर्सी ओळख करून देते, बस्स.

बालेवाडी_ईस्ट_स्टँड
मैदानावर काय झालं तेही बघा. निवडीनंतर आठच दिवसांनी, ५ डिसेंबर २०१० ला, फिलिपिन्सनं सुझुकी कपात (आग्नेय आशियाई देशांच्या स्पर्धेत) व्हिएतनामला हनोईत २-० हरवलं. याचं श्रेय नव्या अध्यक्षांना देणं म्हणजे थापा, संघ आधीच बांधलेला होता. पण उपांत्य फेरीत इंडोनेशियाविरुद्धचा 'घरचा' सामनाही जाकार्तातच खेळावा लागला, कारण निकषांत बसणारं स्टेडियमच नव्हतं. दोन्ही सामने ०-१. प्रशासनाचा खरा प्रश्न हा होता, आणि तो लगेच हाती घेतला गेला. फेब्रुवारी २०११ मध्ये मंगोलियाविरुद्धचा सामना बाकोलोदच्या पनाड स्टेडियमवर झाला, जुलैमध्ये श्रीलंकेविरुद्धचा मनिलाच्या रिझाल मेमोरियलवर. २०१८ ला त्याच रिझाल मेमोरियलवर ताजिकिस्तानला २-१ हरवून पुरुष संघ पहिल्यांदा आशियाई चषकाला पात्र ठरला.

महिलांचं तिकीट तर आपल्या बालेवाडीत फाटलं. ३० जानेवारी २०२२, आशियाई चषकात चायनीज तैपेईविरुद्ध १-१, मग पेनल्टीवर ४-३, आणि विश्वचषकात पहिला प्रवेश. पुढच्या वर्षी तिथे न्यूझीलंडला १-० हरवलं.

कच्चा दुवा म्हणजे लीग. २०१७ ला पीएफएल (फिलिपिन्स फुटबॉल लीग) सुरू केली तेव्हा क्लबांनी आपापल्या गावात घरचे-बाहेरचे सामने खेळायचे असं ठरलं. बेटांच्या देशात याचा अर्थ विमानप्रवास, आणि तिकिटांच्या विक्रीतून तो खर्च निघत नाही. पहिल्या हंगामात आठ क्लब, दुसऱ्यात सहा. २०२० ला करोनात सगळे सामने काव्हितेतल्या कार्मोना इथल्या प्रशिक्षण केंद्रात उरकले. परदेशात वाढलेले फिलिपिनो वंशाचे खेळाडू आणून राष्ट्रीय संघ उभा राहतो, लीग तशी उभी राहत नाही. अरानेटांच्या कारकिर्दीवर माझा मुख्य आक्षेप हाच.

ताळेबंद
हातात काय असतं? पैसा, पण बांधलेला. फिफा फॉरवर्ड या विकासनिधी योजनेच्या २०२३-२६ च्या टप्प्यात प्रत्येक देशाला ८० लाख डॉलरपर्यंत मिळतात: सुमारे ५० लाख रोजच्या कारभारासाठी आणि ३० लाख मैदानं, इमारतींसारख्या प्रकल्पांसाठी. त्यासाठी वेगळं बँक खातं ठेवावं लागतं आणि दरवर्षी लेखापरीक्षण होतं. नेहमीची चूक म्हणजे संघाचा प्रवास अडला की प्रकल्पाच्या पैशातून 'तात्पुरते' वळवणं. बिलं आणि मंजूर प्रकल्प जुळले नाहीत की पुढचा हप्ता अडकतो, मग पगार थकतात. म्हणून नव्या अध्यक्षानं आधी चांगला सरचिटणीस आणि हिशेबनीस शोधावा, प्रशिक्षक नंतर.

टोकियोतलं पथकप्रमुखपद हाही असाच कारकुनी कस होता. खेळाडू फक्त १९, पण प्रत्येकाची निघण्याआधीच्या ९६ तासांत दोनदा करोना चाचणी, तिथे रोजची तपासणी, स्पर्धेच्या फार तर पाच दिवस आधी क्रीडाग्रामात प्रवेश, आणि स्पर्धा संपली की ४८ तासांत बाहेर. वेटलिफ्टर हिडिलिन डियाझनं देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण उचललं ते या सगळ्या कागदांच्या पलीकडे.

गंगावेश_फॉरवर्ड
भारीच. शेवटचा प्रश्न राहिला. इथून सुरुवात?

थ्रोइन
मॅच कमिशनर, म्हणजे संघटनेतर्फे सामन्यावर देखरेख करणारा अधिकारी. खेळलेल्या माणसाला जमणारं आणि वर नजरेत येणारं काम हेच. आदल्या दिवशी मैदान बघायचं: जाळी, खुणा, बदलखोल्या, पंचांना वेगळी खोली. मग दोन्ही संघांबरोबर बैठक. तिथे जर्सीचे रंग पक्के करायचे: दोन संघ, दोन गोलकीपर आणि पंच, पाचही वेगळे दिसले पाहिजेत. फोटो चालत नाही, कपडे टेबलावर मागवा. रुग्णवाहिका एकच असेल तर ती जखमीला घेऊन गेल्यावर सामना थांबणार, म्हणून दुसरीचा नंबर आधीच खिशात हवा. अहवालात 'पंचगिरी खराब' असं लिहू नका. मिनिट, खेळाडूचा क्रमांक, काय घडलं, एवढंच. मतं लिहिणाऱ्याचे अहवाल शिस्तपालन समितीपुढे टिकत नाहीत.

ताळेबंद
त्याबरोबर जिल्हा संघटनेची कागदपत्रं वाचा. आपल्याकडे बहुतेक संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात. निवडणूक झाली की नव्या कार्यकारिणीचा चेंज रिपोर्ट (बदलाचा अर्ज) त्यांच्याकडे ९० दिवसांत दाखल करावा लागतो. तो राहिला किंवा कोणी हरकत घेतली की परिशिष्ट १ वर (आयुक्तांकडच्या संघटनेच्या नोंदीच्या उताऱ्यावर) जुनीच नावं दिसतात, बँक जुन्या सह्या मागते, आणि राज्य संघटनेच्या मतदारयादीत तुमच्या जिल्ह्यातर्फे कोण यावरून भांडण लागतं. निवडणुकीला उभं राहण्याआधी परिशिष्ट १ ची प्रमाणित नक्कल काढा आणि शेवटचा मंजूर चेंज रिपोर्ट कुठल्या वर्षाचा आहे ते बघा.