जुन्या संस्थांची सभागृहे लग्नाकार्याला द्यावीत का?

पेठकर:
सार्वजनिक सभा 1870, सत्यशोधक समाज 1873, वसंत व्याख्यानमाला 1875. पाच वर्षांत पुण्याला एकत्र बसून बोलायची सवय लागली. काँग्रेसचे पहिले अधिवेशनही 1885 मध्ये पुण्यातच भरायचे होते, कॉलऱ्यामुळे ते मुंबईला गेले. लष्कर (कॅन्टोन्मेंट) भागात फ्रीमेसन या बंधुमंडळाच्या बंद दाराआडच्या बैठका वेगळ्याच. अशा मंडळ्यांनी पदरमोड करून बांधलेल्या वास्तूंत आज बुफेची टेबले लागतात. माझे मत सरळ आहे: ज्या सभागृहाची तक्तपोशी (छताचे अस्तर) लाकडी आहे, ते लग्न-मुंजीला मुळीच देऊ नये.

हिशेबनीस:
मत सुंदर आहे, पैसे कोण देणार? सभासद थकले, वर्गणी नाममात्र. जुनी इमारत गर्दीने पडत नाही, गळतीने पडते. मंगळुरी कौले दरवर्षी मेमध्ये चाळून फुटकी बदलावी लागतात, पन्हळी साफ कराव्या लागतात. दोन पावसाळे हे चुकले की वासे आणि कड्या (आडव्या तुळया) कुजायला लागतात. हे भाडेच छप्पर टिकवते. एक मात्र लक्षात ठेवा, संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातील कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. ठेकेदाराला नऊ वर्षांसाठी हॉल बहाल करून मोकळे होणारे विश्वस्त इथेच अडकतात. एकेका दिवसाची परवानगी द्यावी, चावी आपल्याकडे ठेवावी.

कडीपाट:
दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. प्रश्न वजनाचा आहे. आयएस 875 या इमारतीवरील भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराच्या खोलीला दर चौरस मीटरला 200 किलो धरतात, पक्क्या खुर्च्या नसलेल्या सभागृहाला 500. दहा बाय आठ मीटरच्या माडीवर म्हणजे 40 टन. वाड्याच्या दिवाणखान्याच्या सागवानी कड्या कधी यासाठी बसवल्या होत्या? तळमजला असेल तर ही भीती नाही, खुशाल द्या.

माडी द्यायचीच असेल तर आधी कडीची टोके तपासा. ती भिंतीत गाडलेली असतात आणि ओल तिथेच धरतात. दाभण सहज आत गेले की लाकूड गेले समजा. उपाय आहे: खालून टेकू देऊन कुजलेला भाग कापायचा, जुन्या सागाचा तुकडा पोलादी पट्ट्या आणि बोल्टांनी जोडायचा, टोकाभोवती बोटभर पोकळी हवेसाठी ठेवायची. ब्रिटिशकालीन इमारतीत कडीऐवजी गर्डर आणि विटांची कमान असते. तिथे गर्डर गंजून फुगतो आणि गिलाव्याला सरळ रेषेत तडा जातो. तो तडा पुट्टी भरून झाकला की रोग आत वाढत राहतो.

लग्नापेक्षा वाईट म्हणजे एसी. त्याबरोबर फॉल्स सीलिंग येते, मग गळती दिसत नाही, वाळवीही दिसत नाही. आणि पोपडे निघाले की सिमेंटचा गिलावा! चुन्याची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती कोंडते, मग लोणा (क्षार) फुटून विटेचा भुगा होतो. एक भाग भिजवलेला चुना, तीन भाग वाळू, एका थरात 12 मिलिमीटरपेक्षा जास्त नाही, वर ओले गोणपाट. हे काम दसरा ते होळीच्या दरम्यान.

लष्करवाला:
फ्रीमेसनांची खोली या हिशेबात बसत नाही. पूर्वेला मास्टरची म्हणजे प्रमुखाची खुर्ची, पश्चिमेला त्याचा सहायक सीनियर वॉर्डन, दक्षिणेला ज्युनियर, मधे काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, दाराबाहेर पहारेकरी. बाहेरून कुणाला दिसू नये म्हणून खिडक्या कमी किंवा उंचावर. अशी खोली महिनाभर बंद राहिली की तिला ओल आणि वाळवी लागते, म्हणजे गुप्ततेची किंमत इमारत मोजते. वापर नको म्हणणाऱ्या पेठकरांनी हे लक्षात घ्यावे. फ्रीमेसनांकडे जेवणाचा हॉल बहुधा वेगळा असतो, तो भाड्याने द्यावा. बैठकीची खोली आठवड्यातून दोनदा उघडून पंखे लावावेत. मंडळीही दिसतात तेवढी बंदिस्त नव्हती. मुंबईत 1843 मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ लॉज (फ्रीमेसनांची शाखा) निघाली तीच भारतीय सभासद घेण्यासाठी.

पेठकर:
तळमजला सोडतो. माडीवर लग्न नको ते नकोच, पाहिजे तर व्याख्यान ठेवा, शंभर खुर्च्या आणि एक वक्ता. पण हेरिटेज यादीत नाव लागले तर भाड्यावाचून निधी मिळेल ना?

हिशेबनीस:
पालिकेच्या यादीत श्रेणी मिळाली म्हणजे पैसे मिळाले असे नाही, बंधने मात्र येतात. पहिल्या श्रेणीत आतले बदलही जवळपास बंद. लष्करवाल्यांच्या इमारतीला तर ती यादी लागूच नाही. छावणी मंडळाच्या हद्दीत आधी जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे तिथल्या जमिनींच्या सरकारी नोंदवहीचा उतारा काढा. नोंद ‘ओल्ड ग्रँट’ असेल तर जमीन सरकारची, संस्थेची फक्त इमारत. त्या स्थितीत भाडेकरू ठेवणे सोडाच, भिंत हलवायलाही परवानगी लागते.